ज्यानं धरून ठेवलं

२३ जुलै

जिल्हा परिषदेच्या शाळेत आहोत. सातवीच्या वर्गातली बाकं भिंतीशी रचून नदीकाठची सगळी घरं इथं येऊन पडली आहेत. आचल माझ्या मांडीवर झोपली आहे. झोपेतही तिनं माझी बाही मुठीत धरलेली आहे. श्याम अजून सापडला नाही.

काल काय झालं ते लिहून ठेवते. नाहीतर माझ्याच डोक्यात त्याची उलटापालट होईल.

दुपारी मोहगव्हाणात पाऊस नव्हताच. ऊन होतं. पाऊस वर डोंगरात झाला आणि तिकडचा तलाव फुटला हे आम्हाला नंतर कळलं. आधी नालीतून पाणी उलटं वर यायला लागलं. मग पुलाकडून आवाज आला, एकदम शंभर ट्रॅक्टर सुरू केल्यासारखा. आमची दुकानांची ओळ नदीला पाठ लावून उभी आहे. माझा नवरा नितेश, त्याचं कृषी केंद्र, त्याला लागून माझं शिवणकामाचं दुकान, पुढे रामरावांचं किराणा. वर पत्र्याच्या खोलीत नागसेन विम्याचं काम करतो. तोच ओरडला, "वहिनी, पोरीले घेऊन वर या." लोखंडी जिन्यावरून त्यानं आधी आचलला उचललं, मग मला ओढलं. नितेश आला. त्याचा लहान भाऊ श्यामही आला. आम्ही सगळे वर होतो.

पाणी तेव्हा गुडघाभर होतं. नितेश श्यामला म्हणाला, "फवारणीच्या औषधाची खोकी खालीच राह्यली. जाय, वरच्या फळीवर टाकून ये." श्याम हसला आणि पँट वर करत उतरला. तो दुकानात शिरला आणि पुलाकडून भिंतीसारखं पाणी आलं. झाडं होती त्यात, कुणाचं तरी पत्र्याचं छप्पर होतं, पोट फुगलेली म्हैस होती. शटर दाबानं खाली आलं. वरच्या झरोक्यातून श्यामचा हात बाहेर आला. नितेश उडी मारत होता. नागसेननं त्याला मागून कमरेला मिठी घातली. नितेश त्याला लाथा मारत होता, "सोड मले, सोड." त्यानं नागसेनचा हात चावला. रक्त आलं तरी नागसेननं सोडलं नाही. मग मागची भिंत आख्खी नदीत बसली आणि झरोका, हात, खोकी, सगळं गेलं.

श्यामचा दुकानावर जीवच होता. नितेशनं म्हटलं म्हणून नाही, तो तसाही गेलाच असता.

२५ जुलै

श्याम सापडला. खालच्या बंधाऱ्याजवळ बाभळीत अडकलेला होता. चेहरा राहिला नव्हता. फवारणीचं औषध फुटून अंगावर सांडलं असावं, कातडी चिंधीसारखी सुटली होती. मामाजींनी पायाकडून चादर वर केली, उजव्या पायाची जुळलेली बोटं पाहिली आणि म्हणाले, "हा माहाच हाय." मामाजी म्हणजे माझे सासरे, नत्थुजी. सासूबाई नाहीत, म्हणून त्यांनीच दोन्ही पोरं वाढवली.

नितेश जवळ आला नाही. रस्त्यावर उभा राहून नदीत दगड मारत होता. हात सोलून निघेपर्यंत मारत होता. नागसेन त्याच्याकडे जायला निघाला तर मामाजींनी मान हलवून त्याला थांबवलं.

२९ जुलै

आज दुकानं उघडली. उघडली म्हणजे शटर कापलं. आत कंबरभर गाळ. युरिया विरघळून सगळीकडे पसरलेला, औषधाच्या बाटल्या फुटलेल्या. वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं. दाराजवळच्या डबक्यात मासे पालथे पडले होते. माझ्या सातही मशिनी गाळात उलट्या, जणू कुणी गाडून ठेवल्या.

नागसेन आला. त्याच्या हाताला पट्टी आहे. नितेशला म्हणाला, "दादा, विम्याचा सर्वेअर येईपरेंत कशालेबी हात नका लावजा. त्यानं डोयानं पाह्यलं पायजे. मी फोटो काढून ठेवतो." आधी माझ्या दुकानात शिरून त्यानं एकेका मशीनचा फोटो काढला, नंबराच्या पट्टीवरचा गाळ अंगठ्यानं पुसून. नितेशच्या दुकानाकडे वळला तर नितेश दारात आडवा झाला.

"इथं फोटो काढाले काय लग्न हाय का?"

"दादा, पुढं त्रास जाईन."

"तू जाय इथून."

नागसेन गेला. संध्याकाळच्या आत नितेशनं जेसीबी बोलावला आणि दुकानातलं सगळं, पोती, पंप, कपाटं, गाळ, ओरबाडून नदीत लोटलं. मी म्हटलं, थांबा दोन दिवस. म्हणाला, वास येतो. वास तर येतच होता.

आचलला गाळात श्यामचं हेल्मेट मिळालं. ती ते धुवायला घेऊन निघाली तर नितेशनं हेल्मेटवर हात मारला, तो तिच्या तोंडावर बसला. ओठ फुटला. मी तिला घेऊन बाजूला झाले. ज्याचा भाऊ असा गेला त्याला काय बोलायचं? त्याचं डोकं ठिकाणावर नाही.

८ ऑगस्ट

कंपनीचा सर्वेअर अकोल्याहून आला. तरुण माणूस, मांडीपर्यंत बूट. माझं दुकान त्यानं नीट पाहिलं. नितेशच्या दुकानात गेला तर धुतलेली फरशी आणि नदीकडे उघडं भगदाड.

"माल कुठे आहे?" त्यानं विचारलं.

"वाहून गेला."

"शेजारी तर सगळा गाळातच आहे. तुमचाच कसा गेला?"

नितेशनं त्याची कॉलर धरली आणि त्याला भगदाडाकडे नेलं. "इकून गेला. माहा भाऊबी इकूनच गेला. त्यालेबी पाहून घे." सर्वेअरचे पाय काठावर घसरत होते. नागसेन मध्ये घुसला, नितेशचे हात सोडवले आणि त्या माणसाला गाडीपर्यंत नेऊन बसवलं. किती वेळ त्याच्या खिडकीशी वाकून हात जोडून बोलत होता.

रामराव ओट्यावर बसून सगळं पाहत होते. नंतर नितेशला म्हणाले, "पाह्यलं का? कोनाच्या कानात काय सांगून राह्यला तो?" रामरावांचा विमा मार्चमध्येच संपला होता. नागसेन दोनदा सांगायला आला होता, तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. ते मला माहीत आहे, चहा माझ्याकडूनच गेला होता. पण मोठ्या माणसाला तोंडावर काय म्हणणार.

२३ ऑगस्ट

पोळा. आमच्याकडे बैल नाहीत, तरी मामाजी दरवर्षी शेजारच्या बैलांना ओवाळायला जातात. या वर्षी श्याम गेला म्हणून गेले नाहीत.

माझ्या डाव्या गालाला सूज आहे. नितेश ताट भिरकावत होता, मी मध्ये आले. आचल विचारत होती तर तिला दार लागल्याचं सांगितलं. नितेश नंतर स्वतःच बर्फ घेऊन आला आणि गालावर धरून बसला. खूप वेळ धरला. तो वाईट माणूस नाही. तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणते, इथं मात्र एकेरी लिहिते. एकेरी लिहिलं की तो मला पूर्वीसारखा वाटतो, बार्शीटाकळीच्या कॉलेजात सायकल घेऊन उभा राहणारा. विम्याचे पैसे आले, दुकान उभं राहिलं की सगळं जागेवर येईल. मी त्याला तसं म्हटलंही.

तो म्हणाला, "त्यानं मले काहून धरलं?"

मी म्हटलं, "कोनं?"

तो उरलेला बर्फ घेऊन उठला.

१० सप्टेंबर

कंपनीचा निकाल आला. माझा दावा मंजूर. नितेशचा नामंजूर: माल तपासणीआधी हलवला, नुकसानीचा पुरावा नाही. नागसेन स्वतः घरी सांगायला आला. दारातच उभा राहिला, म्हणाला, "दादा, हे शेवटचं नाई. विम्याच्या लोकपालाकडं तक्रार करता येते. मी सोबत येतो. वहिनीचे पैसे आले की निदान एक दुकान तरी सुरू होईन."

नितेश शांत होता. इतका शांत की मला बरं वाटलं. नागसेन गेल्यावर त्यानं मला विचारलं, "तुहं मंजूर, माहं नामंजूर. काहून?"

"माह्या दुकानाचे फोटो होते."

"फोटो तर त्यानं तुहेच काढले. माहे काहून नाई काढले?"

"तुमीच काढू देल्ले नाई."

तो उठून माझ्यापाशी आला. मग म्हणाला, "पुरातबी त्यानं पहिले तुलेच वर ओढलं." आचलला आधी उचललं होतं, मी तसं सांगितलं. तोवर त्यानं माझा हात मागे पिरगाळला होता. मामाजी खाटेवरून उठले तेव्हा सोडला. आज कात्री धरता आली नाही.

दुपारी ओट्यावर रामराव सगळ्यांना सांगत होते की एजंटानं कंपनीकडून कमिशन खाऊन गावाचे दावे बुडवले. आणखीही बोलले, नागसेनच्या जातीवरून. ते इथं लिहीत नाही. ऐकणाऱ्यांपैकी कुणी उठून गेलं नाही. मीही दुकानातच होते.

१५ सप्टेंबर

झालं तसं लिहिते.

आज बाजाराचा दिवस. दुपारी गर्दी होती. नागसेन जिना चढून खोलीत गेला आणि खाली रामराव बोलायला लागले. माणसं जमली. कुणीतरी ओरडलं, "उतरव त्याले खाली." त्याची बायको दीक्षा शाळेत शिकवते, ती तिथून त्याचा डबा घेऊन आली होती आणि वर जिन्यातच उभी होती. पहिला दगड पत्र्यावर वाजला. मग पुष्कळ वाजले. लोक जिना चढायला लागले. जिना हलत होता.

नितेश धावत माझ्या दुकानात आला. खिळ्यावरचा शटर ओढायचा लोखंडी आकडा काढला आणि लोकांना मागे हटवायला वर गेला. मी आचलला मशीनच्या मागे बसवलं आणि तिचे कान दाबून धरले. वरून काय आवाज येत होते ते मला सांगता येणार नाही. पहिल्यांदा माणसाचा होता. नंतर तो माणसाचा राहिला नाही.

मग सगळे पांगले. इतक्या लवकर पांगले की रस्त्यात भाजीचे ढीग तुडवलेले आणि एकही माणूस नाही. नागसेनला चार पोरांनी जिन्यावरून खाली आणलं. एका बाजूचा चेहरा नव्हताच. जबडा लोंबत होता. दीक्षाच्या पांढऱ्या साडीला कुठेही पांढरं राहिलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे जायला हवं होतं.

नितेश मागच्या बाजूनं घरी गेला होता. मी पोहोचले तर शर्ट काढून बसला होता. म्हणाला, "धुवून टाक. त्याले सोडवता सोडवता भरला." मी धुतला. कपड्याचं काम करते म्हणून लक्षात येतं, उचलताना लागलेलं रक्त पसरट असतं. हे सगळे शिंतोडे होते, बारीक, खांद्यावर आणि पाठीवरसुद्धा. गर्दीत कुठूनही उडाले असतील. थंड पाण्यात मीठ घालून धुतला, डाग गेले.

१७ सप्टेंबर

नागसेन अकोल्याच्या दवाखान्यात आहे. डावा डोळा गेला. जबड्याला तारा घातल्या आहेत, बोलता येत नाही.

पोलीस आले होते. अख्ख्या ओळीत कुणी काही पाहिलं नाही. रामराव बाजारच्या दिवशी बाजारात नव्हते म्हणे. साहेब मला भेटायच्या आधी नितेश म्हणाला, "सांगजो, मी घरी होतो. पोट दुखत होतं."

मी विचारलं, "तुमी तं त्याले सोडवाले गेलते. मंग तसंच सांगा ना."

"सोडवाले गेलतो म्हटलं की विचारतीन, कोनापासून सोडवलं. कोनाचं नाव घेऊ? गावात राहाचं हाय का नाई?"

त्याचं बरोबरच होतं. मी साहेबांना सांगितलं, घरी होते. साहेबांनी लिहून घेतलं आणि माझ्या गळ्यापाशी पाहिलं. मी पदर वर घेतला.

२४ सप्टेंबर

मामाजींना डोळे दाखवायला नेते असं सांगून अकोल्याला गेले. बसस्टँडवर उतरून ऑटोवाल्याला त्यांनीच दवाखान्याचं नाव सांगितलं.

दीक्षा वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. मी जवळ बसले. मामाजी उभेच राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"डबा आनला," मी म्हटलं.

"त्यांना चावता येत नाही," दीक्षा म्हणाली. "नळीनं देतात."

तिनं डबा बाकावर ठेवला. नंतर माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पोलिसांनी त्यांना नावं विचारली. त्यांनी मान हलवली, ओळखलं नाही म्हणून. मला हातानं खुणावलं, तूही बोलू नको. त्यांचं म्हणणं, नितेशभाऊंचा भाऊ गेला आहे. मी बायको आहे म्हणून इतके दिवस ऐकलं."

मी विचारलं, "यात आचलच्या बाबाचं काय?"

आता ती माझ्याकडे वळली. तिला खरंच वाटलं असावं की मी नाटक करते आहे. मग माझ्या तोंडाकडे पाहून तिचा आवाज बदलला.

"वहिनी, बाकीच्यांनी दगड मारले, लाथा मारल्या. नितेशभाऊ आले तेव्हा बाकीचे मागे सरकले होते. संपलं होतं खरं म्हणजे. हे भिंतीला टेकून बसले होते, नितेशभाऊंना पाहून यांना वाटलं वाचवायला आले. यांनी हात पुढे केला. त्यांनी आकडा मारला. मग मारतच राहिले. यांच्याकडे पाहून एकच बोलत होते, 'काहून धरलं मले, काहून धरलं.' मला कळलं नाही ते. यांनी तर तेव्हा त्यांना धरलंच नव्हतं."

मला कळलं. मामाजींनाही कळलं. त्यांची काठी फरशीवर खट्ट वाजली.

दीक्षा म्हणाली, "हे माफ करतील. मी नाही करत. तुमाले स्पष्ट सांगते." शाळेत शिकवते म्हणून ती तोलून बोलते, पण एवढं तिच्या घरच्या बोलीत आलं.

आत जाऊन मी नागसेनला पाहिलं. उरलेला डोळा उघडा होता. त्यानं बोटानं खुणेनं विचारलं, आचल कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे. त्यानं डोळा मिटला.

२६ सप्टेंबर

काल लिहिता आलं नाही. गिळताना अजून दुखतं.

काल सकाळी आचल शाळेत गेल्यावर मी नितेशसमोर बसले. घरातून निघून जाता आलं असतं, पण मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मी म्हटलं, "नागसेनभाऊले तुमी मारलं."

तो चहा पीत होता. "कोन म्हनते?"

"आकडा माह्या दुकानातून नेल्ला. शर्ट मी धुतला."

"त्यानं माह्या भावाले मारलं. मले जाऊ देल्लं असतं तं आज श्याम असता."

"तुमी गेले असते तं तुमीबी गेले असते."

"त्यानं धरलं मले."

तेव्हा मी ते बोलले. दोन महिने माझ्या आत ते बसलं होतं आणि मलाच दिसत नव्हतं. "श्याम वर आलता. आपल्यासोबत उभा होता. तुमी त्याले खाली पाठवलं."

त्याचा कप खाली पडला. तो माझ्यावर आला. दोन्ही हात गळ्यावर. मी भिंतीला होते, मग जमिनीवर. त्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता आणि तो रडत होता, गळा आवळता आवळता रडत होता. मला वाटलं, आता आचल येईल आणि मला असं पाहील. डोळ्यांपुढे काळं आलं.

मग हाडाचा आवाज झाला. मामाजींनी काठी त्याच्या मनगटावर घातली होती. दुसरी घातली, खांद्यावर. तिसरीही घातली. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण त्यांनी पोराला कोपऱ्यात घातलं आणि काठी त्याच्या छातीला रोखून उभे राहिले. नितेश मनगट धरून लहान पोरासारखा बसला होता.

मामाजी मला म्हणाले, "ऊठ. पोरीले शाळेतून घे. आपल्याले ठाण्यात जाचं हाय."

"मामाजी, तुमचा पोरगा हाय."

"म्हनूनच मी येऊन राह्यलो."

बार्शीटाकळीच्या ठाण्यात मी सगळं सांगितलं. आकडा, शर्ट, आधी दिलेली खोटी साक्ष. गळा दाखवला. रामरावांचं आणि दगड मारणाऱ्या ज्यांना ओळखते त्यांचं नाव घेतलं. साहेबांनी विचारलं, गावात राहायचं आहे का तुम्हाला? मी म्हटलं, लिहा. मामाजींनीही साक्ष दिली. अंगठा नाही लावला, सही केली, अक्षर लावून लावून.

संध्याकाळी नितेशला नेलं. तो पळाला नव्हता. त्याच कोपऱ्यात बसला होता म्हणे.

५ ऑक्टोबर

रामराव आणि आणखी पाच जणांना धरलं. अॅट्रॉसिटीचं कलम लागलं. आता गाव म्हणतं, हिनं स्वतःच्या नवऱ्यावर अॅट्रॉसिटी लावली. पाण्याच्या टाकीवर बायका माझी भरायला लावलेली गुंडी बाजूला सरकवतात. कामाला येणाऱ्या पोरींपैकी एकही आली नाही. सकाळी मशिनी साफ करत होते तर दुकानाच्या पत्र्यावर दगड आला, मग दुसरा. आचल आपोआप मशीनच्या मागे जाऊन बसली आणि स्वतःच कान दाबून घेतले.

मी बाहेर जाऊन उभी राहिले. रामरावांचा पुतण्या होता. दगड हातात होता त्याच्या.

"मार," मी म्हटलं. "तुहं नाव सांगाले मले बार्शीटाकळीले जा लागते फक्त."

त्यानं दगड टाकला, पण थुंकला. माझ्या पायाशी. तो जाईपर्यंत मी हलले नाही.

२१ ऑक्टोबर

आज दिवाळी. दिवा लावला नाही. आचलनं टिकली फोडायची बंदूक मागितली नाही. मामाजी आता आमच्याशिवाय कुणाशी बोलत नाहीत. संध्याकाळी नदीकडे जाऊन बसतात. एकदा मी मागोमाग गेले, भीती वाटली म्हणून. ते म्हणाले, "भेऊ नको. मी काई करत नाई. पोरीले कोन पाहीन?"

९ नोव्हेंबर

विम्याचे पैसे जमा झाले. नदीकाठी दुकान पुन्हा बांधायचं नाही असं ठरवलं. तहसीलवाले म्हणतात ती ओळ पूररेषेत आहे, तिथं परवानगी नाही. त्यांनी मनाई केली नसती तरी मी तिथं पाय ठेवला नसता. बसथांब्याजवळ चढावर एक पत्र्याचं शेड भाड्यानं मिळालं. मालक धारणीचा, गावाशी त्याचं काही देणंघेणं नाही. सात मशिनींतल्या चार दुरुस्त होऊ शकल्या.

मामाजींनी स्वतः विटा रचून ओटा बांधला. वाकडा झाला. मी वाकडाच राहू दिला.

२८ नोव्हेंबर

दीक्षा आली. मी कापड कापत होते. तिनं टेबलावर कापड ठेवलं आणि म्हणाली, "शाळेच्या पोरांचे गणवेश शिवायचे आहेत. काम तुम्हाला द्यायचं मी शाळेत सांगितलं. त्यांना बाकी कुणी मिळालं नाही, असंही समजा."

मी माप लिहून घेतलं. नागसेन घरी आला आहे. बोलतो, पण शब्द तुटतात. कामाला पुन्हा लागणार का विचारलं. ती म्हणाली, "त्यांना वाटतं लागावं. मला वाटतं अकोल्याला निघून जावं. दोघंही रोज भांडतो." पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू दिसलं, आणि लगेच गेलं. जाताना म्हणाली, "कोर्टात तुम्ही फिराल असं वाटलं होतं मला. अजूनही वाटतं." तिनं तसं वाटून घेणं बरोबरच आहे. मी एकदा खोटं बोलले आहे.

दुपारनंतर दोन पोरी कामाला आल्या. एक म्हणाली, आईनं जाऊ नको म्हटलं. मग का आलीस विचारलं. म्हणाली, गणवेशाचं काम हाय ना.

१३ डिसेंबर

अकोल्याच्या जेलात गेले. मामाजी आले नाहीत. जाळीच्या पलीकडे नितेश. मनगट वाकडं जुळलं आहे, दाढी वाढली आहे. मग म्हणाला, "श्यामले मी पाठवलं."

मी ऐकत होते.

"पाच रुपयाच्या खोक्यासाठी पाठवलं. पानी वाढून राह्यलं हे दिसत होतं मले." त्यानं जाळीत बोटं घातली. "तू बोलली तं मले वाटलं तुले मारून टाकावं म्हनजे ते कोनी बोलनार नाई."

मी म्हटलं, "नागसेनभाऊले सांगा हे. अन् कोर्टातबी सांगा."

"सांगीन," तो म्हणाला. मग, "तू येजो."

मी त्याच्या बोटांना हात लावला नाही. त्याची दया आली, फार आली. रडत रडत त्यानं माझा गळा धरला होता तेव्हाही आली होती. त्या दयेनं मी मेले असते.

१५ डिसेंबर

गणवेश पूर्ण झाले. आचल बटणं लावत बसली होती. दोरा तोडता तोडता तिनं विचारलं, "बाबा कधी येतीन?"

"कोर्ट ठरवीन."

"आले तं आपल्या घरात राह्यतीन?"

"नाई," मी म्हटलं.

इतक्या लवकर उत्तर येईल असं मलाही वाटलं नव्हतं. मग तिनं पुढचं बटण घेतलं.